त्या वाक्यातली मैत्रीण

कल्पना,

तुला जाऊन अजून पंधरवडाही झाला नाही आणि मी तुझ्यावर चिडून बसले आहे. गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. म्हणोत. तू असताना मला धड चिडताही आलं नाही. मी सुरुवात केली की तू हसायचीस, आणि माझी आई होती तोवर ती तुझ्या बाजूने उभी राहायची.

रविवारी तुझ्या क्लासमध्ये शोकसभा झाली. झेरॉक्सच्या दुकानावरच्या त्या दोन खोल्यांत मावतील त्याहून जास्त मुलं आली होती, उरलेली जिन्यात उभी होती. मुलं म्हणते मी, पण त्यातल्या निम्म्यांची लग्नं झालेली, काहींच्या कडेवर पोरं. गेली काही वर्षं तुझ्याबरोबर बॅचेस घेणारी रेणुका पुढे आली, मला हाताला धरून उभं केलं आणि म्हणाली, "धिस इज वसुधा मॅडम. द फ्रेंड."

सगळी खोली माझ्याकडे वळून बघायला लागली. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "पुट अप विथ." आणि रडून डोळे सुजलेली ती माणसं हसली. मी ज्यांना आयुष्यात पाहिलं नव्हतं, ती सगळी मला ओळखत होती. फळ्यावरच्या एका वाक्यातली मैत्रीण म्हणून. माय फ्रेंड पुट मी अप, नाऊ शी पुट्स अप विथ मी. माझ्या मैत्रिणीने मला घरात ठेवून घेतलं, आता ती मला चालवून घेते.

प्रत्येक बॅचला तू हे सांगत होतीस, हे मला त्या दिवशी कळलं. आणि त्यांच्यातल्या एकालाही हे माहीत नव्हतं की ते वाक्य तुझं नाहीच. ते माझ्या आईचं आहे.

तू आमच्या शाळेत आलीस तेव्हा मी नववी-दहावीला इंग्रजी शिकवत होते. कसबा पेठेतली मराठी शाळा, एम.ए. झालेली मी एकटी, आणि ते मी विसरत नसे. तू बी.एड. संपवून यवतमाळकडच्या गावाहून आलेली. पहिल्याच दिवशी घंटा झाल्यावर तू शिक्षकखोलीत म्हणालीस, "मी वर्गावर जाऊन राहिली." चित्रकलेचे सर वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "राहायला जाताय? मग अंथरूण घेऊन जा." सगळे हसले. तूही हसलीस. पण मी तुझ्या शेजारी बसले होते. तुझे कान लाल झालेले मला दिसले.

त्याच आठवड्यात तुझी राहायची सोय फिसकटली आणि मी म्हटलं, "चार दिवस आमच्याकडे राहा." बिबवेवाडीत आमची दोन खोल्यांची जागा होती, मी आणि आई दोघीच. पुण्यात चार दिवस म्हणजे चारच दिवस असतात. तुमच्याकडे त्याचा अर्थ वेगळा असावा. पुढची कितीतरी वर्षं तू आमच्याकडेच होतीस. महिन्याभरात मला 'तू' म्हणायला लागलीस, मला न विचारता. आईला 'आई' तर दुसऱ्या दिवसापासूनच.

माझी आई वरणात लसूण घालणाऱ्या माणसांना मनातून परकं समजायची. तुझं लसणाच्या फोडणीचं वरण ती पहिल्या दिवशी नको नको म्हणत जेवली, आणि पंधरा दिवसांनी माझ्या हिंग-गुळाच्या वरणाकडे बघून म्हणाली, "आज कल्पना नाही का करणार?" तू डाळीचे गोळे घालून गोळाभात केलास त्या रविवारी तिने दोनदा वाढून घेतलं. माझ्या हाताचं जेवून ती कधी वाईट म्हणाली नाही. चांगलंही म्हणाली नव्हती. आपल्याकडे म्हणत नाहीत, एवढीच माझी समजूत होती.

मग एक दिवस ती मला म्हणाली, "काय करून राहिलीस गं?"

मी म्हटलं, "आई, काय करत आहेस, असं म्हण."

"तेच विचारतेय," ती म्हणाली, आणि तू ओट्यापाशी तोंडावर पदर धरून हसत होतीस.

तुझं इंग्रजी माझ्याइतकं चांगलं नव्हतं. हे मी आजही म्हणेन. तू 'डिस्कस अबाउट' म्हणायचीस, 'रिटर्न बॅक' म्हणायचीस. मी सुधारायचे, तू मान डोलवायचीस आणि संध्याकाळी पुन्हा तेच. पण तू बोलायचीस. मी मनात वाक्य जुळवून, काळ तपासून तोंड उघडेपर्यंत तुझं बोलून झालेलं असायचं आणि समोरच्याचं उत्तरही आलेलं असायचं. ते दिवसच तसे होते. चौकाचौकात कॉम्प्युटर शिकवणाऱ्यांच्या पाट्या लागत होत्या, शेजारचा मुलगा अमेरिकेला जाऊन आला होता, आणि एम.ए. न झालेली माणसं इंग्रजी बोलून पुढे निघाली होती.

एकदा मी तुला विचारलं, "तुला भीती कशी वाटत नाही?"

तू म्हणालीस, "ताई, मराठीत मी तोंड उघडलं की तुमचे सर अंथरूण काढतात. इंग्रजीत माझं 'करून राहिली' कोण पकडणार? तिथं तर सगळेच 'आय ॲम डुइंग' म्हणून राहिले."

मी हसले नाही. वाक्य माझं असायला हवं होतं असं वाटलं, म्हणून हसले नाही.

आपलं ते भांडणही याच दिवसांतलं. वरच्या मजल्यावरच्या काकू हार्मोनियम शिकत होत्या. रोज संध्याकाळी त्याच तीन सुरांवर अडायच्या. तू दुधाची पिशवी कापत मला विचारलंस, 'पुट अप विथ' म्हणजे नेमकं काय. मी म्हटलं, सहन करणे, सोसणे. तू लगेच वाक्य केलंस, "वुई पुट अप विथ द हार्मोनियम." आणि म्हणालीस, "नाही ताई. हार्मोनियम काय सोसायची गोष्ट आहे? सोसतात ते दुखणं, नाहीतर सासू. हार्मोनियम चालवून घेतात."

"शब्दकोशात सहन करणे दिलंय."

"कोश लिहिणाऱ्याच्या डोक्यावर कोणी हार्मोनियम शिकत नसन."

मी तुला समजावलं की नुसतं 'पुट अप' वेगळं. कोणाला आपल्या घरी उतरवून घेणं, राहू देणं, हे 'पुट अप'. त्याला 'विथ' लागला की अर्थ पार बदलतो. आई शेंगा सोलत ऐकत होती. तिचं शिक्षण सातवीपर्यंतचं. ती म्हणाली, "म्हणजे हिला आपण आधी पुट अप केलं, आणि आता पुट अप विथ करतोय."

तू इतकी हसलीस की दूध ओट्यावर सांडलं. मीही हसले. आईच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जो आनंद होता, तो माझ्या एम.ए.च्या निकालालाही नव्हता.

मग हिंजवडीची ती जाहिरात आली. एका सॉफ्टवेअर कंपनीला नव्या मुलांना इंग्रजी बोलायला शिकवणारी माणसं हवी होती. मी अर्ज केला. तू म्हणालीस, "मीपण टाकू का?" मी म्हटलं, "टाक की." मला खरंच काही वाटलं नाही, कारण तुला घेतील असं मला वाटलंच नाही. तेव्हा हिंजवडीला जायचं म्हणजे पार गावाबाहेर. उसाचं शेत संपायचं आणि एकदम काचेची इमारत उभी असायची, आत शिरलं की थंडी वाजायची. आपल्याला नमुना म्हणून थोडा वेळ शिकवून दाखवायचं होतं. तीन परीक्षक आणि समोर नोकरीला लागलेली पंचवीसएक मुलं, बहुतेक नागपूर-अमरावतीकडची, हुशार आणि मुकी.

आधी माझा नंबर लागला. मी 'पुट अप'सारख्या क्रियापदांचे दोन भाग फळ्यावर नीट मांडले. कुठे कर्म मध्ये येतं, कुठे येत नाही, ते खुणा करून दाखवलं. एकही चूक केली नाही. मुलांनी सगळं उतरवून घेतलं. परीक्षक म्हणाले, "व्हेरी थरो."

मग तू उभी राहिलीस. खडू हातातही घेतला नाहीस. म्हणालीस, मी पुण्यात आले तेव्हा मला राहायला जागा नव्हती. माय फ्रेंड पुट मी अप. आणि माझ्याकडे बोट केलंस. मुलं माझ्याकडे बघायला लागली. तू वरणातल्या लसणाचं सांगितलंस, हार्मोनियमचं सांगितलंस, सकाळी न्हाणीघरात मी किती वेळ लावते तेही सांगितलंस, सगळं इंग्रजीत, निम्मं चुकीचं. शेवटी म्हणालीस, नाऊ शी पुट्स अप विथ मी. मुलं हसली. मग एकेकाला विचारलंस, तू काय चालवून घेतोस? आणि ती मुकी मुलं बोलायला लागली. रूममेटचं घोरणं. खानावळीची पोळी. पुण्याची दुपार, जेव्हा दुकानदार चार वाजेपर्यंत तोंड दाखवत नाही. एक परीक्षकही बोलला, त्याच्या सासऱ्यांबद्दल.

तुला घेतलं हे त्यांनी तिथंच सांगितलं.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी होते. तू दोघींची तिकिटं काढलीस. मग म्हणालीस, "ताई, रागावलीस?"

"नाही."

"खरं सांग."

"ते आईचं वाक्य होतं."

"हो. मग तू का नाही वापरलंस? ते तर तुझ्याच घरातलं होतं."

इतकी वर्षं मी यावरच जळत आले, तुझ्या नोकरीवर नाही. माझ्याच घरात, माझ्याच आईच्या तोंडून निघालेली गोष्ट माझ्या कानावरून गेली आणि तुझ्या हाती लागली.

पुढे तू कंपनीच्या बसने जाऊ-येऊ लागलीस, मग वाकडला जागा घेतलीस. आई रविवारची वाट बघायची. मी सातही दिवस घरात होते, माझी वाट बघायची गरज नव्हती. ती अंथरुणाला खिळल्यावर माझ्या दहावीच्या पेपरांच्या दिवसांत तू रजा काढून यायचीस, तिला आंघोळ घालायचीस, घालताना तिच्याशी इंग्रजीत बोलायचीस, आणि आतून तिचं खुदकन हसणं मला ऐकू यायचं. मी पेपर तपासत बाहेर बसलेली असायचे. तेव्हा मला जे वाटायचं त्याला कृतज्ञता म्हणावं की मत्सर, हे मला ठरवता आलं नाही. दोन्ही एकाच वेळी वाटतं, हे कोणी आधी सांगितलं नव्हतं. ती गेली तेव्हा सोसायटीतल्या बायका तुझ्या गळ्यात पडून रडल्या. मी स्वयंपाकघरात चहाचे कप विसळत होते. तू आत आलीस, माझ्या हातातला कप काढून घेतलास आणि तो विसळत माझ्या शेजारी उभी राहिलीस. बोलली मात्र नाहीस. तुझ्यासारखी बडबडी बाई तेवढा वेळ गप्प राहिली, त्याबद्दल तुला धन्यवाद द्यायचे राहिले.

मंदी आली, कंपनीने शिकवणारी माणसं कमी केली, आणि तू रडत बसण्याऐवजी बिबवेवाडीत क्लास काढलास. मला म्हणालीस, "ताई, व्याकरण तू घे. माझ्याने होत नाही." मी म्हटलं, "माझं शाळेत बरं चाललंय." तू म्हणालीस, "ठीक." आणि पुन्हा विचारलं नाहीस. पुण्यात पहिल्यांदा विचारलं की नाही म्हणायचं असतं, कल्पना. इतकी वर्षं माझ्या घरात राहून तुला एवढंही कळू नये? मी वाट बघत होते. मग रेणुका आली, आणि ती व्याकरण शिकवायला लागली.

तू आजारी पडलीस तेव्हा दवाखान्यात तर तुझ्या क्लासच्या मुलांनी कमालच केली. त्यांनी आपसांत पाळ्या लावून घेतल्या होत्या, आणि रेणुकाने मला फोन करून कळवलं, "मॅडम, तुम्हाला गुरुवार आणि रविवारची दुपार चालेल का?" मलाही इतरांसारखी पाळी. मी चालेल म्हटलं.

एका गुरुवारी तू बरीच शुद्धीत होतीस. मी विचारलं, "फार दुखतंय का?"

तू डोळे मिटूनच म्हणालीस, "चालवून घेऊन राहिली."

"हे मराठी नाही."

"मग इंग्रजी असन."

"याला सहन करणं म्हणतात, कल्पना. हेच ते."

तू डोळे उघडलेस. मला वाटलं, आता मान्य करशील. तू म्हणालीस, "सहन तर तू करून राहिली, ताई. इथं बसून." आणि पुन्हा डोळे मिटलेस. ते भांडण तिथंच राहिलं. कोणाचं बरोबर होतं ते आता कोण ठरवणार? मी एकटीने ठरवलं तर त्यात मजा नाही.

शोकसभेत रेणुकाने सांगितलं की तुझे तिच्याशी शेवटचे शब्द होते, 'कीप टॉकिंग'. सगळ्यांनी माना हलवल्या. शुक्रवारी, तिच्या पाळीला, तू तसं म्हणालीही असशील. पण त्यानंतरचा रविवार माझा होता, आणि त्या दुपारचं मी कोणाला सांगितलं नव्हतं.

मुलं पांगायला लागली तेव्हा तुझा भाऊ माझ्यापाशी आला. गावाहून सभेसाठी एकटाच आला होता, सगळा वेळ कोपऱ्यात हात बांधून उभा. त्याच्या हातात फोन होता. म्हणाला, "आमची माय तुमच्याशी बोलतो म्हणते. तिले प्रवास होत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाला, "पहिलेच सांगतो, तुमचा तिले लय राग आहे."

मी फोन कानाला लावला.

"तू वसुधा का?"

"हो. बोला, आई."

"मले आई नको म्हणू. तुले तुयी माय होती नं."

तुझी आई बोलत राहिली. आवाज म्हातारा, पण अडखळत नव्हता, आणि तुमच्याकडच्या म्हाताऱ्या बायकांसारखी ती 'होते'ला 'होतो' म्हणत होती. "पोरगी घरी आली का तुमचंच पुराण. वसुधाताई असं बोलते, आई तसं म्हणते. दिवाळीले यायची अन् भाऊबीज झाली का पळायची. म्हणे आई वाट पाहून राहिली असन. मंग मी इथं कोण होतो? मी काय वाट पाहत नोयतो?"

कल्पना, मी तुझ्या आईला कधी पाहिलेलं नाही. पण ती जे बोलत होती ते शब्दाशब्दाने माझं होतं. मी तुझ्यावर जळत होते तेव्हा तिकडे एक बाई माझ्यावर जळत होती, माझ्याइतकीच, आणि माझ्यापेक्षा जास्त हक्काने. मला हे कधी सुचलंच नाही की माझ्या घरात तू जे काही आणलंस ते कुठून तरी उचलून आणलं होतंस.

"शेवटी तू होती नं तिच्यापाशी?" तिने विचारलं.

"आदल्या दिवशी होते. रविवारी दुपारी."

"कोणाले बलावलं तिनं? तुले बलावलं असन."

खोलीत खुर्च्या सरकवायचे आवाज येत होते. मी जिन्याच्या तोंडाशी गेले. त्या दुपारी तू बराच वेळ काहीतरी पुटपुटत होतीस. मी खुर्ची ओढून तुझ्या तोंडाजवळ कान नेला होता. माझं नाव असेल, निदान आईचं तरी, अशा आशेने. ते ऐकून मी सरळ होऊन बसले आणि नर्सने विचारलं तरी काही सांगितलं नाही. लपवण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. पण तेवढं एक तुझं माझ्यापाशी होतं, आणि ते माझं नव्हतं.

"तुम्हालाच बोलावत होती," मी म्हटलं. "'माय' म्हणाली. दोन-तीनदा म्हणाली. दुसरं काही नाही."

तुझा भाऊ माझ्याकडे बघत होता.

मग ती म्हणाली, "इंग्रजीत नाही नं?"

"नाही. माय, असंच."

"मंग त्या पोरायले सांग. सगळ्यायले सांग. लिवून काढ, तू शिकलेली आहे."

म्हणून लिहिते आहे. तुझ्या मुलांनी वाचावं म्हणून. रेणुकाला वाईट वाटेल, पण तिने तुझ्या आईशी बोलून बघावं.

फोन ठेवण्याआधी तिने मला गावाला बोलावलं. बोलावलं म्हणजे फर्मावलं. म्हणाली, "ये एकदा. पाहतो तरी कशी आहे तू." मी पुढच्या आठवड्यातलं गाडीचं तिकीट काढलं आहे. तुझ्या आईच्या ओसरीवर तिच्या समोर बसणार आहे. ती तुझं लहानपण काढेल, माझ्याकडे ते नाही. मी बिबवेवाडीची वर्षं काढीन, तिच्याकडे ती नाहीत. तू कोणाची जास्त होतीस, ते आम्ही दोघी बघून घेऊ. तू यात पडू नकोस.